बेटावरचं ग्रीन हा गोल्फचा अपमान आहे

गोल्फशी काडीचाही संबंध नसलेल्या माझ्या मित्रांनाही गोल्फचा एक होल माहीत असतो. रात्री झोप येत नाही म्हणून रील सरकवत असताना तो कधीतरी समोर आलेला असतो. चहूबाजूंनी पाणी, मध्ये हिरवीगार बशी, तिच्यात खोचलेला झेंडा. चेंडू हवेत जातो, हजारो लोक श्वास रोखून धरतात, आणि मग 'डुबुक'. फ्लोरिडातल्या टीपीसी सॉग्रास या कोर्सचा हा सतरावा होल. जगातल्या प्रसिद्ध होल्सची कुठलीही यादी काढा, त्यात तो असतोच.

माझ्या यादीत तो तळाला आहे. तो अवघड आहे ही माझी तक्रार नाही. तो अडाणी आहे, ही आहे.

आरोप सिद्ध करण्याआधी गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी चार ओळी. गोल्फमध्ये 'होल' म्हणजे फक्त ते सव्वाचार इंचांचं भोक नव्हे. पहिला फटका जिथून मारायचा ती टी, पुढे कापलेल्या गवताचा पट्टा म्हणजे फेअरवे, बाजूचं माजलेलं गवत म्हणजे रफ, वाळूचे खड्डे म्हणजे बंकर, आणि शेवटी गुळगुळीत ग्रीन, ज्यात ते भोक असतं. या सगळ्या प्रकरणाला मिळून एक होल म्हणायचं. असे अठरा. क्रिकेटची खेळपट्टी वानखेडेवर काय आणि लॉर्ड्सवर काय, बावीस यार्डांचीच. गोल्फमध्ये मात्र प्रत्येक होलची लांबी, वळण, चढउतार वेगळे. समोरचा खेळाडू तुमचा चेंडू अडवायला येत नाही. ते काम जमीन करते. त्यामुळे होल कसा आखलाय यावरच तुम्ही डोकं वापरणार की फक्त दंड, हे ठरतं.

आता माझा सगळ्यात लाडका होल. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर नॉर्थ बेरिक नावाचं छोटं गाव आहे. एडिंबराहून लोकल गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास. तिथल्या वेस्ट लिंक्स कोर्सचा पंधरावा होल म्हणजे 'रेडान'. रेडान म्हणजे तटबंदीतून त्रिकोणी नाकासारखा बाहेर आलेला बुरूज. क्रायमियाच्या युद्धात, 1855 मध्ये, सेवास्तोपोलच्या अशाच एका बुरुजावर ब्रिटिशांनी हल्ला चढवला आणि सपाटून मार खाल्ला. त्या युद्धाची आठवण म्हणून होलला हे नाव पडलं.

अंतर साधारण 190 यार्ड, म्हणजे पावणेदोनशे मीटरच्या आत. पार तीन: चांगल्या खेळाडूने तीन फटक्यांत संपवावा. ग्रीन तुमच्याकडे तोंड करून बसलेलं नाही, तिरकं पसरलंय. त्याची उजवीकडची पुढची कड उंच, आणि तिथून ते डावीकडे मागच्या बाजूला उतरत जातं. डाव्या अंगाला, ग्रीनच्या पोटाशी, खोल बंकर. झेंडा बहुधा त्या बंकरच्या मागे. आता तुम्ही म्हणाल, बंकरवरून सरळ झेंड्यावर मारू. मारा. ग्रीन तुमच्यापासून दूर उतरत असल्यामुळे चेंडू थांबणार नाही, मागे निघून जाईल. जरा कमी पडला तर बंकर. खरी वाट वाकडी आहे. झेंड्याकडे पाठ फिरवल्यासारखं उजवीकडे मारायचं आणि पुढचं काम उतारावर सोडायचं. चेंडू जमिनीला लागतो, वळतो, घरंगळत झेंड्याकडे जातो.

आपल्याला हे समजायला क्रायमियाला जायची गरज नाही. रायगडाचा महादरवाजा आठवा. दोन बुरुजांच्या मिठीत लपवलेला, गोमुखी बांधणीचा. सरळ धडक मारायला समोर जागाच ठेवलेली नाही; वळूनच यावं लागतं. रेडानही तसाच आहे, आणि बांधणाऱ्याची अक्कल तुम्हाला चालता चालता कळते.

नोकरीनिमित्त दोन वर्षं एडिंबरात होतो तेव्हा पैसे साठवून एकदाच हा होल खेळलो. माझ्या जोडीला गावातलेच एक निवृत्त आजोबा होते. सत्तरी पार केलेली. त्यांना 190 यार्ड हवेतून मारणं शक्यच नव्हतं. त्यांनी शांतपणे एक बुटका, जमिनीलगतचा फटका उजवीकडे मारला. चेंडू उंचवट्यामागे दिसेनासा झाला. मी त्यांच्यापेक्षा चाळीस वर्षांनी लहान, मी जोर लावून झेंड्यावर मारला. चालत वर गेलो तर त्यांचा चेंडू झेंड्यापासून दहा-बारा पावलांवर, आणि माझा बंकरमध्ये, भिंतीला चिकटून. त्यांचे तीन झाले, माझे सहा. त्यांनी मला काहीही शिकवलं नाही, हवेबद्दल बोलत राहिले. शिकवायचं काम होलने केलं होतं.

हे सगळं डोक्यात ठेवून पुन्हा सॉग्रासला या. अंतर 137 यार्ड. व्यावसायिक खेळाडूंसाठी हा अगदी छोटा फटका. आजूबाजूला पाणी. वाट किती? एक. चेंडू हवेतून गेला पाहिजे आणि बशीत पडून थांबला पाहिजे. जमिनीवरून नेता येत नाही, कारण जमीनच नाही. बाजूला टाकून दुसऱ्या फटक्यात सावरता येत नाही, कारण बाजूच नाही. ते नॉर्थ बेरिकचे आजोबा इथे आले तर त्यांच्या आयुष्यभराच्या शहाणपणाची किंमत शून्य. त्यांनी चेंडू पाण्यात घालायचा, दंडाचा फटका घ्यायचा आणि ठरवून दिलेल्या जागेवरून पुन्हा प्रयत्न करायचा. या पाण्यातून दरवर्षी लाखाच्या आसपास चेंडू काढले जातात असं सांगितलं जातं, आणि सांगणाऱ्याच्या आवाजात अभिमान असतो. मला तो आकडा नापास विद्यार्थ्यांच्या संख्येसारखा वाटतो. पेपर काढणाऱ्याने त्यावर मिशीला ताव देऊ नये.

गंमत म्हणजे हा होल आखणारे पीट डाय हे काही साधे गृहस्थ नव्हते. 1963 मध्ये ते आणि त्यांची पत्नी ॲलिस स्कॉटलंडचे जुने कोर्स बघत हिंडले आणि तिथून बरंच काही शिकून आले. सॉग्रासचा कोर्स 1980 मध्ये खुला झाला. बांधताना दलदलीच्या त्या जागेत सतराव्या होलपाशी चांगली वाळू सापडली, बाकीच्या कोर्ससाठी ती उपसली गेली, आणि शेवटी भलामोठा खड्डा उरला. त्यात पाणी सोडून बेट करू, ही सूचना ॲलिस डाय यांची. म्हणजे एका अडचणीवर काढलेली ती तोड होती. एका कोर्सवर, एकदा, ठीक. पण टीव्हीला ती इतकी आवडली की तिचा साचा झाला.

इथे गोल्फ पाहणारे मित्र मला अडवतात. "अरे, पण दडपण? सर्जिओ गार्सिया 2013 मध्ये शेवटच्या दिवशी टायगर वुड्सच्या बरोबरीने पहिला होता. सतराव्यावर दोन चेंडू पाण्यात, सात फटके, खेळ खलास. याहून मोठं नाट्य कुठलं?"

नाट्य होतं, मान्य. पण दडपण गुणफलकाने आणलेलं होतं. शेवटच्या दिवशी बरोबरीत असताना तुम्हाला सोसायटीच्या पार्किंगमध्ये बादलीत चेंडू टाकायला सांगितला तरी हात थरथरतील. होलच्या रचनेने त्यात काय भर घातली?

रचना भर कशी घालते ते पाहायचं असेल तर ऑगस्टाचा बारावा होल बघा. ॲलिस्टर मॅकेंझी आणि बॉबी जोन्स यांची आखणी, 155 यार्ड, आणि समोर ओढा. वरवर पाहता हाही पाण्यावरून मारायचा छोटा होल. पण ग्रीन तिरकं आहे: उजवी बाजू लांब, डावी जवळ. मागे बंकर आहेत, झुडपं आहेत, चूक करायला वेगवेगळ्या जागा आहेत. 2019 च्या मास्टर्समध्ये शेवटच्या दिवशी झेंडा उजवीकडे होता. मोलिनारी, केप्का, पोल्टर, फिनाव, एकामागून एक चौघांनी चेंडू ओढ्यात घातला. टायगरने झेंड्याकडे बघितलंच नाही. मधल्या बंकरच्या रोखाने, डावीकडे, सुरक्षित मारला. तीन फटक्यांत होल संपवला आणि त्याच दिवशी कोट घातला. त्याला तिथे 'नाही' म्हणायची मुभा होती, आणि ती वापरण्याची अक्कलही. ही मुभा मोह म्हणून समोर ठेवणं किंवा मोहाच्या आड लपवून ठेवणं, हेच आखणाऱ्याचं काम.

माझ्या यादीतला दुसरा क्रमांक सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सच्या सतराव्याचा, म्हणजे 'रोड होल'चा. योगायोगाने हाही सतरावाच. 495 यार्ड, पार चार. पहिला फटका हॉटेलच्या आवारातल्या शेडवरून, पलीकडचं काही न दिसता. तिथे पूर्वी रेल्वेच्या शेड होत्या, आताची शेड त्यांच्याच आकाराची. भिंतीवर हॉटेलचं नाव लिहिलंय. कुठल्या अक्षरावरून मारायचं हे ज्याने त्याने आपल्या हिमतीनुसार ठरवायचं. ग्रीन अरुंद, आडवं. पुढे एक खोल, जवळजवळ विहिरीसारखा बंकर. मागे चक्क रस्ता आणि दगडी भिंत. 1978 च्या ओपनमध्ये जपानचा नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर होता. पुढचा हलका फटका उतारावरून बंकरमध्ये गेला, बाहेर यायला चार फटके लागले, एकूण नऊ. 1984 मध्ये टॉम वॉटसनचा चेंडू ग्रीन ओलांडून रस्त्यावर, भिंतीपाशी गेला आणि ओपन बालेस्टेरोसने जिंकली. एवढं क्रूर असूनही इथे बुडून मरण्याची सक्ती नाही. ग्रीनच्या अलीकडे उजवीकडे चेंडू ठेवून पाच फटक्यांत सुटता येतं. पाच घ्यायला तयार असलेल्या माणसाला हा होल हात लावत नाही. चार हवे असतील तर किंमत मोजा.

हा होल मी खेळलेलो नाही. त्यावर चाललोय. मोठी स्पर्धा नसेल तर रविवारी ओल्ड कोर्सवर गोल्फ बंद असतो आणि गावकरी कुत्री घेऊन, बाबागाड्या ढकलत तिथे फिरतात. जमीन गावाची आहे. मी सतराव्याच्या त्या बंकरच्या काठावर उभा राहिलो, शेजारी एक लहान मुलगी वाकून आत बघत होती, आणि मागच्या रस्त्याने माणसं जात होती. जगातला सगळ्यात प्रसिद्ध कोर्स, आणि मला कुणी विचारलं नाही की तुम्ही कोण.

मी ज्या शहरात वाढलो तिथे गोल्फ कोर्स म्हणजे बसच्या खिडकीतून दिसणारी एक लांबलचक भिंत होती. एकदा आठवीत असताना आम्ही तिघे मित्र फाटकातून नुसतं आत डोकावलो, तर वॉचमनने शिट्टी फुंकली. भिंतीपलीकडे काय आहे हे मला विशी ओलांडल्यावर कळलं. त्यामुळे 'गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ' असं कुणी म्हणालं की मी वाद घालत नाही. एवढंच सांगतो की तो तसाच जन्मलेला नव्हता. स्कॉटलंडमध्ये ज्याला लिंक्स म्हणतात ती समुद्र आणि शेतं यांच्यामधली नापीक, वाळूची, मेंढ्या चरायची जागा. आपल्या भाषेत माळरान. तिथले पहिले होल कुणी कागदावर आखले नाहीत. वाऱ्याने, मेंढ्यांनी आणि पायवाटांनी आखले.

पुढे चार्ल्स मॅकडोनाल्ड नावाच्या अमेरिकन माणसाने हे होल जाऊन अभ्यासले आणि लाँग आयलंडवर नॅशनल गोल्फ लिंक्स उभारला. तिथला चौथा होल रेडान आहे, आणि बरेच जाणकार त्याला मुळापेक्षा सरस मानतात, कारण तिथे ग्रीन नीट दिसतं. त्याने कल्पना उचलली आणि आपल्या जमिनीला विचारून ती बसवली. नक्कल असावी तर अशी. नाहीतर 'बियारित्झ' बघा. फ्रान्समधला मूळ होल समुद्राच्या खाचेवरून मारायचा. तो आता उरलेलाही नाही. त्याच्या नावाने होतात ती लांबलचक ग्रीन्स, मधोमध आडवा चर घातलेली. येलचा नववा तलावावरून मारायचा आहे, तो मला आवडतो. सपाट जागेत उगाच खणलेला चर मात्र मला बारशाशिवाय बांधलेल्या पाळण्यासारखा वाटतो.

आणि म्हणूनच बेटाचा मला राग आहे. आपल्याकडे जिथे जिथे 'गोल्फ व्ह्यू' फ्लॅटच्या जाहिराती झळकतात, तिथे चित्रात तळं असतं, कारंजं असतं, पाण्याला टेकलेलं ग्रीन असतं. उन्हाळ्यात शेजारच्या गावात टँकर येत असला तरी चित्रातलं तळं काठोकाठ. बेटाला तळं लागतं, तळ्याला पंप लागतो, आणि राखणीला वॉचमन लागतो. रेडानला काय लागतं? एक तिरका उतार, एक खड्डा आणि कडक जमीन. दख्खनच्या पठारावर यातल्या कुठल्या गोष्टीची टंचाई आहे? दिवाळीनंतर आपला माळ इतका टणक होतो की चेंडू टाकला तर शंभर पावलं घरंगळत जाईल.

गोल्फ या मुलखात वाढणार असेल तर त्याने त्या माळाकडे बघावं. भिंत नसलेला, नऊ होलचा, गुरांच्या वाटेला न अडवणारा कोर्स. त्यावर एक तरी होल असा, जिथे सत्तरीतले आजोबा तिशीतल्या दांडगटाला हरवू शकतील. आणि रविवारी गोल्फ बंद.