एक थैली, अनेक टेबले



निवडणुकीच्या कामाचा आदेश हाती पडला की आम्हा कारकून मंडळींच्या घरात धावपळ सुरू होते. आदल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी रांगेत उभे राहून मतदान साहित्याची थैली घ्यायची, यादीप्रमाणे एकेक वस्तू तपासायची आणि नेमून दिलेले गाव गाठायचे. केंद्र पक्क्या शाळेत असो की तांड्यावरच्या एका खोलीत असो, थैली सारखीच. शाई, शिक्के, लाख, दोरा, नमुने, लिफाफे सारे आत. गावात कुणापुढे हात पसरण्याची पाळी येत नाही.

ही थैली मला परवा निराळ्याच कारणाने आठवली. आमच्या अभ्यासिकेत एक मुलगी येते. वडील हमाली करतात, आई शेतात मजुरीला जाते, पोरगी संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. देणगीत मिळालेल्या तीन जुन्या संगणकांसमोर ती बसली होती. म्हणाली, "काका, तिघांकडून मिळून एकच काम करून घेते." मी विचारले, "बाई, कशासाठी?" तर म्हणाली, "औंढ्याला लायगो होतंय ना, तिथं हेच लागणार."

औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली, सुमारे २,६०० कोटी रुपयांची. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून लेसरचा प्रकाश धावेल आणि दूरच्या अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरींचा वेध घेतला जाईल. अशी पहिली लहर अमेरिकेतील दोन लायगो वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपली.

पण लहर टिपणे म्हणजे केवळ यंत्र उभे करणे नव्हे. लायगोच्या मुख्य वाहिनीवर दर सेकंदाला १६,३८४ आकडे नोंदले जातात. हिशेब करा, एका दिवसाचे १४१ कोटींहून अधिक होतात. त्यात लहर आहे का हे पाहण्यासाठी आधी गणिताने काढून ठेवलेल्या नमुन्यांशी ते ताडून पाहावे लागतात. पहिल्या शोधाच्या वेळी असे सुमारे अडीच लाख नमुने होते. एका संगणकाने हे काम वेळेत उरकणे शक्य नाही. म्हणून काम अनेक संगणकांत वाटतात. पुण्याच्या आयुका या संस्थेत लायगोच्या माहितीसाठी 'सारथी' नावाचा संगणकांचा समूह आहे तो याचसाठी.

ही वाटणी आपल्याला नवी नाही. मतमोजणीला एका दालनात अनेक टेबले मांडतात. प्रत्येक टेबल आपापल्या वाट्याचे मोजते, आपली बेरीज कागदावर लिहून पुढे देते आणि मुख्य टेबलावर एकूण बेरीज होते. संगणकांच्या समूहातही एक मुख्य संगणक काम वाटतो व बाकीचे राबतात. राबणारा एखादा बंद पडला तर त्याच्या वाट्याचा गठ्ठा दुसऱ्याकडे जातो व पहिल्यापासून मोजला जातो. हे काम करणारे स्पार्क नावाचे सॉफ्टवेअर मातेई झहारिया यांनी २००९ मध्ये अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात सुरू केले. ते फुकट मिळते. आमच्या मुलीने तेच घेतले.

तरी तिचे पहिले दोन दिवस वाया गेले. एका संगणकावर पायथन ही भाषा जुन्या आवृत्तीची, दुसऱ्यावर नव्या. एका टेबलावर जुने नमुने आणि दुसऱ्यावर नवे दिले तर बेरीज कशी जुळणार? इथे थैली कामाला आली. संगणकाच्या भाषेत तिला कंटेनर म्हणतात. २०१३ मध्ये आलेल्या डॉकर या सॉफ्टवेअरने ती घरोघर पोहोचवली. काय काय हवे, कोणत्या आवृत्तीचे हवे, याची यादी एका फाईलमध्ये लिहायची. तिच्यावरून एक पक्का साचा तयार होतो. तोच साचा तिन्ही संगणकांवर न्यायचा व त्यातून कंटेनर सुरू करायचा. मग यंत्र जुने असो की नवे, आतले सामान तेच. थैलीबरोबर शाळेची इमारत न्यावी लागत नाही, तसा कंटेनरही संगणकाच्या मूळ प्रणालीचा गाभा बरोबर नेत नाही, जिथे उतरतो तिथलाच वापरतो. म्हणून तो हलका असतो व चटकन सुरू होतो.

मग तिने लायगोने सर्वांसाठी खुली ठेवलेली माहिती उतरवून घेतली. फाईल ४,०९६ सेकंदांची, दर सेकंदाला ४,०९६ आकडे, म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ आकडे. लहर शोधण्याचा तिचा दावा नव्हता, केवळ सरासरी आणि चढ-उतार काढायचे होते. काम रात्रभर चालले. सकाळी रडवेली होऊन म्हणाली, "काका, कंटेनर बंद करून काढून टाकला, तर उत्तराची फाईलच गेली!"

मी म्हटले, "मतदान संपल्यावर थैलीचे काम संपते, पण भरलेले कागद आम्ही आधी तालुक्याला जमा करतो." कंटेनर हा टाकून देण्यासाठीच असतो. माहिती व उत्तर नेहमी बाहेरच्या कप्प्यात ठेवावे व तो कप्पा कंटेनरला जोडून द्यावा. तिथले कंटेनर गेला तरी राहते. तो कप्पा तिन्ही संगणकांना एकाच नावाने दिसला पाहिजे, नाहीतर एकाला फाईल सापडते व दुसऱ्याला नाही.

दुसरी चूक मात्र या बी. कॉम. कारकुनाने पकडली. तिने प्रत्येक भागाची सरासरी मागवून त्या सरासऱ्यांची पुन्हा सरासरी काढली होती. समजा एका टेबलावर २ आकडे, सरासरी १०; दुसऱ्यावर ८ आकडे, सरासरी २०. दोन्हींची सरासरी १५ येते, पण खरे उत्तर १८ आहे. म्हणून प्रत्येक टेबलाकडून बेरीज व संख्या या दोन गोष्टी मागवाव्यात आणि भागाकार शेवटी एकदाच करावा. यंत्र कितीही वाढवली तरी हिशेबाची ही समज माणसालाच ठेवावी लागते.

ज्यांच्याकडे एकच संगणक आहे त्यांनी निराश होऊ नये. एकाच संगणकावर एक मुख्य व दोन राबणारे असे तीन कंटेनर चालवून सराव करता येतो. मेमरी ८ जीबी असली तर प्रत्येकाला मर्यादा घालून द्यावी. मात्र त्याने वेग वाढेल असे समजू नये. एकाच माणसाला तीन टेबलांवर बसवले म्हणून मोजणी लवकर होत नाही. पण पद्धत हाताखालून जाते, आणि शिकताना तेवढे पुरते.

बंधू-भगिनींनो, १९९९ मध्ये आपला जिल्हा परभणीपासून वेगळा झाला. आता त्याचे नाव जगाच्या विज्ञानात जाणार आहे. मोठे प्रकल्प आले की आपल्या वाट्याला खोदकाम, रखवाली व झाडलोट येते. ते काम हलके नव्हे, त्यावरच आपली घरे चालली. पण त्याच फाटकातून आपली लेकरे आकडे वाचायला आत का जाऊ नयेत? त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर फुकट आहे, लायगोची माहिती खुली आहे, जुना संगणक वर्गणीतून येऊ शकतो. कमी आहे ती रोज संध्याकाळी दोन तास बसण्याची आणि पोरगी बसली तर तिला भाकरीसाठी न उठवण्याची.

परवा आमच्या मुलीचे उत्तर तिन्ही संगणकांवरून बरोबर आले. मग तिने मुद्दाम एकाची वायर काढली. काम क्षणभर अडखळले, उरलेल्या दोघांनी त्याचा गठ्ठा उचलला व पुरा केला. तिची आई दारात उभी होती. तिला संगणकातले काही कळले नाही, पण म्हणाली, "एक थकला तर दुसऱ्यानं वझं घ्यावं, एवढंच ना?"

होय बाई, एवढेच.