तलाव कुणाचा? वल्हे कुणाच्या हाती?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका रविवारी आम्ही बायकामुलांसह जिल्ह्याच्या गावातील तलावावर गेलो होतो. वस्तीतील आणखी दोन कुटुंबे सोबत होती. तलावाचे नुकतेच सुशोभीकरण झालेले. काठावर रंगीत कयाक मांडलेल्या आणि वर फलक : 'संपूर्ण कुटुंबासाठी, नवशिक्यांसाठी'. आठ वर्षांच्या मुलीला जे लाइफ जॅकेट दिले, ते मोठ्या माणसाचे होते. खांद्याला धरून वर ओढले तर थेट तिच्या कानापर्यंत आले. बक्कल तुटलेले, त्या जागी सुतळी. आम्ही हरकत घेतली तेव्हा ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "साहेब, पाणी कमरेएवढंच आहे." कुणाच्या कमरेएवढे, हे त्याने सांगितले नाही. आम्ही पैसे परत घेतले आणि निघालो. निघताना दिसले, तलावाला लागून असलेल्या झोपडपट्टीतील पोरे लोखंडी जाळीला नाक लावून आत पाहत होती. तिकीट त्यांच्या बापाच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीइतके होते.

आमचे काही कार्यकर्ते मित्र म्हणतील, वकीलसाहेब, आरक्षण धोक्यात, अत्याचार थांबत नाहीत, आणि तुम्ही होड्यांवर काय लिहिता? हा श्रीमंतांचा खेळ! मित्रहो, कयाक ही मुळात श्रीमंतांची वस्तू नव्हेच. उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ प्रदेशातील इनुइट लोकांनी शिकारीसाठी सीलच्या कातड्यापासून बनवलेली ती कष्टकऱ्यांची होडी आहे. आणि पाण्याचा प्रश्न आपल्या चळवळीला परका कधीपासून झाला?

गावच्या विहिरीत उड्या मारून पोहायला शिकायचे, ही महाराष्ट्रातील पोरांची जुनी रीत. पण ज्या विहिरीतून घागर भरायची मनाई होती, त्या विहिरीत आपल्या आजोबांना पोहायला कोण शिकवणार? पाण्यापासून तोडलेल्या माणसाला पाण्याची भीती वाटते, आणि ती भीती तो मुलांना वारशाने देतो. आज आपल्या किती मुलामुलींना पोहता येते, हे प्रत्येकाने स्वतःच्या घरात विचारून पाहावे.

मुंबई विधिमंडळात १९२३ साली बोले ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागद तयार होता, पण पाण्याला हात लावण्याची कुणाची हिंमत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा तो कागद जिवंत झाला. मग सनातन्यांनी कोर्टात काय सांगितले? तळे सार्वजनिक नाहीच, खासगी आहे! हा दावा टिकला नाही, पण त्यासाठी १७ मार्च १९३७ चा उच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत दहा वर्षे लढावे लागले.

अमेरिकेतही असेच घडले. मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराला काळ्या नागरिकांना गोऱ्यांबरोबर पोहू देण्याची वेळ आली, तेव्हा शहराने पोहण्याचे सार्वजनिक तलावच बंद करून टाकले. १९७१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते चालवून घेतले. वाटून घेण्यापेक्षा बंद केलेले बरे, ही वृत्ती केवळ आपल्याच देशाची नाही.

आता कायद्याकडे पाहू. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागांचा नावानिशी उल्लेख आहे. सरकारी पैशातून पूर्णतः किंवा अंशतः राखलेल्या अशा जागी जातीच्या, धर्माच्या कारणाने कुणालाही अडवता येत नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ॲट्रॉसिटी कायद्यातही तलावाच्या वापरास अडथळा हा गुन्हा आहे. शासन हे जलाशयांचे मालक नसून जनतेच्या वतीने विश्वस्त आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालच्या कमलनाथ प्रकरणात स्वीकारले. २०२५ साली नागपूरच्या फुटाळा तलावाच्या प्रकरणात ते मानवनिर्मित जलाशयांनाही लागू धरले.

तिकीट लावणे म्हणजे जातिभेद, असे आम्ही म्हणणार नाही. तसा दावा कोर्टात टिकणारही नाही. पण १९२७ साली जे काम 'खासगी तळे' या शब्दाने केले, तेच काम आज 'खासगी ठेका' या शब्दाने होऊ शकते. फाटकावर जात विचारली जात नाही, खिसा विचारला जातो. आणि या देशात खिसा आणि जात यांचे नाते काय आहे, ते आम्ही वाचकांना सांगायला नको.

ठेक्यात केवळ पैसा पाहिला की काय होते, ते १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावावर दिसले. महापालिकेचा तलाव, चालवायला खासगी कंपनी. सहलीला आलेल्या शाळकरी मुलांना क्षमतेपेक्षा जास्त संख्येने बोटीत कोंबले, अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पण ती लेकरे परत येणार नव्हती.

म्हणून नवशिक्यांची कयाक कशी असावी, हे आपणही समजून घेतले पाहिजे. रुंद बुडाची, वर बसायची कयाक घ्यावी. ती उलटली तर माणूस आत अडकत नाही, बाजूला पडतो. लहान मूल पुढे, मोठे माणूस मागे. जॅकेट वजनाप्रमाणे आणि अंगाला घट्ट, गळ्याला शिट्टी. काठालगतच्या उथळ पाण्यात आधी मुद्दाम पडून परत चढायचा सराव. काठाकाठाने जायचे, तलावाच्या मध्यावर नाही. जाताना वाऱ्याविरुद्ध जायचे, म्हणजे दमल्यावर परतताना वाराच ढकलतो. वारा वाढला की फेरी बंद. काठावर पोहणारा जीवरक्षक आणि तयार बचाव होडी. एवढे झाले तर छोट्या तलावावर आईबाप आणि लेकरांनी एकत्र करण्यासारखी यासारखी निर्मळ गोष्ट नाही.

तेव्हा आपल्या गावच्या तलावावर कयाक आली असेल तर विरोध करू नका, हिशेब मागा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली ठेक्याच्या कराराची प्रत घ्या. त्यात मुलांच्या मापाची जॅकेटे किती, जीवरक्षक किती, विमा आहे काय, ते वाचा. नसेल तर मुख्याधिकाऱ्यांना लेखी निवेदन द्या आणि पोच घ्या. आठवड्यातला एक दिवस नगरपरिषद शाळांच्या आणि वस्त्यांच्या मुलांसाठी मोफत ठेवा, पोहण्याचे प्राथमिक शिक्षण त्यातच द्या, ही मागणी करा. जीवरक्षक म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगलेल्या भोई, ढीवर, कोळी समाजाच्या तरुणांना प्रशिक्षण देऊन घ्या. आणि मच्छीमार संस्थेच्या जाळ्यांची जागा सोडूनच फेरीचा मार्ग आखा. त्यांच्या पोटावर पाय देऊन आपल्या मुलांची करमणूक नको.

बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी केवळ तहान भागवण्यासाठी प्यायले नव्हते. आम्हीही इतरांसारखीच माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी ते प्यायले होते. माणसाला तहान असते तशी खेळण्याची हौसही असते. जाळीला नाक लावून उभ्या असलेल्या त्या पोरांच्या हातात वल्हे येईल आणि अंगावर त्यांच्या मापाचे जॅकेट असेल, तेव्हाच तो तलाव खऱ्या अर्थाने सार्वजनिक झाला असे आम्ही म्हणू. पुढच्या सुट्टीपर्यंत अर्ज टाकायला वेळ आहे. कामाला लागा. जयभीम!