पाऊस आपल्या हातात नाही, माईक आहे

बैलगाडी शर्यतीचं मैदान भिजलं, यात आयोजकाचा काही दोष नसतो. वळीव कुणाला विचारून येत नाही. माझं भांडण पावसाशी नाही, पाऊस थांबल्यावर माईकवरून जे चालतं त्याच्याशी आहे. ‘अर्ध्या तासात मैदान सुरू होईल, कुणी जागा सोडू नका’ ही घोषणा सकाळी आठला होते, दहाला होते, साडेअकरालाही होते. दुपारी दोनला एक तर ओल्या मातीवर गट सोडले जातात, नाहीतर मैदान रद्द होतं. मग प्रवेश फीचं विचारलं, की ‘पुढच्या तारखेला बघू’ एवढंच उत्तर मिळतं.

सातारा-सांगलीकडची मैदानं मी लहानपणापासून पाहत आलोय. आमच्याकडे जत्रा असो की उरूस, शर्यतीचं मैदान ठरलेलं. जुवाच्या एका बाजूला पाटलाचा बैल आणि दुसऱ्या बाजूला मुलाण्याचा, या जोडीचं आमच्या भागात कुणाला नवल वाटत नाही. शर्यतच नको म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मी लिहीत नाही. शर्यत टिकावी म्हणून लिहितोय.

आधी मातीचं बोलू. काळी माती पाणी पिऊन फुगते. वर ऊन पडलं की तासा-दोन तासांत तिच्यावर कोरडी पापडी धरते, खाली मात्र लोणी असतं. आयोजक बोट दाखवतो ते पापडीकडे, बैलाचा पाय पडतो तो लोण्यात. दुभंगलेल्या खुराचं हे जनावर भरधाव पळताना निसरड्यावर फाकलं, तर मांडीचे स्नायू फाटतात, खुबा निखळतो. तो बैल पुन्हा धड उभा राहील याची हमी कुणी देत नाही. छकड्याला ब्रेक नसतो. कोरड्यात सरळ जाणारी गाडी ओल्यात शेजारच्या तासात शिरते, नाहीतर थेट कडेच्या गर्दीत. वरून चार ट्रॉल्या सुकी माती पसरली की चिखल झाकला जातो, सुकत नाही.

यावर एक ठरलेलं उत्तर ऐकू येतं : ‘बैल तर चिखलातच राबतो, त्याला काय होतंय?’ राबतो ना. भाताच्या खाचरात चिखलणी करतो, पण पावलापावलानं चालत. इथं तो जीव तोडून पळतो. नांगराचा बैल आणि शर्यतीचा बैल यांतला फरक ज्याला कळत नाही, त्यानं मैदान भरवू नये.

मग वेळेवर निर्णय का होत नाही? कारण तो ज्याच्या हातात आहे, त्याचंच सगळं अडकलेलं असतं. मंडपाचे, स्पीकरचे पैसे गेलेले, फ्लेक्स लागलेले, पाहुणे बक्षीस द्यायला संध्याकाळी यायचे. मैदान नेत्याच्या वाढदिवसाचं असेल तर मग विचारूच नका. वाढदिवस थोडाच पुढे ढकलता येतो! पण ज्याचा खर्च बुडणार, त्यालाच ‘मैदान पळण्यासारखं आहे का’ असं विचारणं म्हणजे हलवायाला ‘पेढा कालचा आहे का’ विचारण्यासारखं आहे.

भुर्दंड पडतो तो गाडीमालकाला. पिकअपचं भाडं त्याचं, ड्रायव्हरचे पैसे त्याचे, रात्रभर उभ्यानं आलेला बैलही त्याचाच. तो बोलत नाही, कारण पुढच्या मैदानात चिठ्ठ्या काढणारे हात हेच असतात.

दुसरीकडे हे कसं करतात? पुण्याच्या रेसकोर्सवर घोडे ऐन पावसाळ्यात पळतात. तिथं जमीन किती मऊ झाली हे पेनेट्रोमीटर नावाच्या उपकरणानं मोजतात आणि तो आकडा जाहीर करतात. क्रिकेटमध्ये सामना सुरू झाल्यावर मैदान खेळण्याजोगं आहे की नाही, हे पंच ठरवतात, यजमान नाही. अमेरिकेत २०२१ साली ब्रिस्टलच्या मातीच्या ट्रॅकवरची नॅस्कारची शर्यत पावसामुळे रविवारची सोमवारी गेली. तिथं टीव्हीचा पैसा गुंतलेला असतो, तरी तारीख हलली. आपल्या माळावर ती का हलू नये?

आणि ही शर्यत आपल्याला फुकट मिळालेली नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तिच्यावर बंदी घातली. २०१७ मध्ये राज्यानं कायदा बदलला, तरी परवानगी मिळायला १६ डिसेंबर २०२१ उजाडला. १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं तो बदल वैध ठरवला, तोही नव्या नियमांमुळे जनावराच्या वेदना बऱ्याच कमी होतात हे मान्य करून. चिखलात सोडलेला प्रत्येक गट त्या निकालाचा पाया उकरतो. पाय मोडलेल्या बैलाचा एक व्हिडिओ कोर्टात पोहोचायला किती वेळ लागतो?

मागणं फार मोठं नाही. पत्रिका छापतानाच राखीव तारीख छापा. अवकाळी आता नवलाची राहिली नाही. २०२५ मध्ये तर मान्सूनच २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. पाऊस झाला तर आदल्या रात्री, गाड्या घरून निघण्याआधी निर्णय कळवा. तो आयोजकानं घेऊ नये. एक पशुवैद्य, एक जुना ड्रायव्हर आणि त्या मैदानात ज्याची गाडी नाही असा एक पंच, या तिघांनी सुरुवातीपासून निशाणापर्यंत सगळी तासं पायी चालून बघावीत. पापडीखाली हात घालून ओल तपासावी. तिघांपैकी एकानं ‘नको’ म्हटलं, तर मैदान नको. सकाळी पाऊस आला तर तासाभरात हो की नाही सांगा. आणि मैदान रद्द झालं तर प्रवेश फी त्याच दिवशी, मोजून, हातात परत द्या. न झालेल्या शर्यतीची फी ही आयोजकाची कमाई नाही, गाडीमालकाची अमानत आहे.

गाडीमालकांनीही एक करावं. ज्या मैदानात राखीव तारीख आणि फी परतीची अट पत्रिकेवर छापलेली नाही, तिथं नाव नोंदवू नये. बक्षीस कितीही मोठं असो. गाड्याच आल्या नाहीत, तर ‘कुणी जागा सोडू नका’ हे माईकवरून सांगणार कुणाला?