पंचपदी आणि व्याजाचा हिशेब

'पाठटाचण' हा शब्द ऐकताच अनेक शिक्षकांना पंचपदी आठवते. प्रस्तावना, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन अशा तिच्या पाच पायऱ्या. जर्मन तत्त्वज्ञ योहान फ्रीडरिश हर्बार्ट (१७७६–१८४१) यांच्या नावाने ती ओळखली जाते. खरे तर हर्बार्ट यांनी चारच पायऱ्या सांगितल्या होत्या. पाच केल्या त्या त्यांच्या अनुयायांनी. नवे ज्ञान मनात आधीपासून असलेल्या ज्ञानाला जोडले गेले, तरच ते रुजते, हा हर्बार्ट यांचा मूळ विचार. पुढे पायऱ्या पाठ झाल्या आणि विचार मागे पडला. म्हणूनच पंचपदीला साचेबंद ठरवून मोडीत काढणारे आज पुष्कळ भेटतात. हा दोष मात्र पंचपदीचा नव्हे. पाचही पायऱ्या शिक्षक एकटाच चढतो आणि विद्यार्थी खालीच राहतो, हे तिच्या अपयशाचे कारण आहे.

प्रौढांच्या वर्गात सरळव्याज शिकवायचे आहे, असे समजा. 'बँक म्हणजे काय?' असे विचारून विषयाचे नाव विद्यार्थ्यांकडून वदवून घेणे, ही प्रस्तावनेची रूढ रीत. वस्तुतः त्या वर्गातील भाजीविक्रेतीला किंवा गवंड्याला व्याज ठाऊक असते, आणि ते शिक्षकापेक्षाही अधिक जवळून. 'उसने पैसे घेताना व्याज कसे सांगतात?' एवढेच विचारावे. 'शेकडा तीन रुपये,' असे उत्तर येईल. ते महिन्याचे, हे कोणी वेगळे सांगत नाही. प्रस्तावना येथेच पूर्ण झाली.

सूत्र फळ्यावर मांडण्यास फार वेळ लागत नाही. खरा वेळ द्यावा तो तुलनेला, आणि घाईच्या तासात नेमकी हीच पायरी गळते. दहा हजार रुपयांवर शेकडा तीन दराने महिन्याला तीनशे, म्हणजे वर्षाला तीन हजार सहाशे रुपये व्याज होते. वार्षिक बारा टक्के दराने तेच बाराशे भरते. कानाला मात्र 'बारा' मोठे वाटते आणि 'तीन' लहान! हा चकवा ज्याच्या ध्यानात येईल, तो सामान्यीकरण स्वतःच करील: दोन दरांची तुलना करण्यापूर्वी दोन्हींची मुदत सारखी करून घ्यावी. हे वाक्य शिक्षकाने आधीच उच्चारले, तर पाठातील सारी गंमत संपली.

उपयोजनासाठी पुस्तकातील उदाहरण न घेता हप्त्यांचा व्यवहार घ्यावा. बारा हजारांचे कर्ज, दर वार्षिक बारा टक्के, आणि दरमहा एक हजार मुद्दलाची फेड. वर्षभर पूर्ण रकमेवर व्याज आकारले, तर ते चौदाशे चाळीस रुपये होते. दरमहा उरलेल्या मुद्दलावर आकारले, तर अवघे सातशे ऐंशी. दर दोन्हीकडे तोच. फरक कोठून आला, हे विद्यार्थ्यांनी महिन्यागणिक उरणारी रक्कम लिहून शोधावे. पहिल्या महिन्याचे व्याज एकशे वीस, दुसऱ्याचे एकशे दहा, असा तो हिशेब उतरत जातो. या आकडेमोडीत तास संपला आणि टाचणातील गृहपाठाचा रकाना कोरा राहिला, तरी तपासनिसाने त्यावर लाल शेरा मारू नये.