राखीव सेंटरचे मोल आणि बोस्टनचा धडा

बास्केटबॉलच्या गुणतक्त्यात राखीव सेंटरच्या नावापुढील आकडे बहुधा किरकोळच दिसतात. अमेरिकेतील एनबीए स्पर्धेच्या 2024-25 हंगामात बोस्टन सेल्टिक्सच्या ल्यूक कॉर्नेट याने 73 सामन्यांत सरासरी 6 गुण आणि 5.3 रिबाउंड नोंदवले. मैदानावरील त्याचा सरासरी वेळ 19 मिनिटांहून कमी होता आणि करार एका वर्षाचा, किमान वेतनाचा होता. तरीही जुलै 2025 मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सने त्याला चार वर्षांसाठी सुमारे 4 कोटी 10 लाख डॉलर देऊ केले.

यामागचे कारण गुणांत शोधून सापडणार नाही. 7 फूट 1 इंच उंचीच्या कॉर्नेटला 2017 च्या ड्राफ्टमध्ये कोणत्याही संघाने निवडले नव्हते. महाविद्यालयीन काळात तो दुरून तीन गुणांचे फटके मारणारा सेंटर म्हणून ओळखला जाई. बोस्टनमध्ये त्याने तो मोह जवळजवळ सोडून दिला. सहकाऱ्याच्या पहारेकऱ्याची वाट शरीराने अडवायची, मग बास्केटकडे धाव घ्यायची, हुकलेला चेंडू हाताने टोलवून पुन्हा आपल्याच संघाकडे वळवायचा, एवढेच काम त्याने अंगावर घेतले. जवळून आणि खात्रीच्याच संधी घेतल्यामुळे त्या हंगामात त्याचे सुमारे दोनतृतीयांश प्रयत्न यशस्वी ठरले. 2022 मध्ये तर बास्केटजवळच उभे राहून, दूरच्या नेमबाजाला बास्केट दिसू नये म्हणून जागच्या जागी उडी मारण्याची त्याची युक्ती गाजली होती. प्रेक्षकांना तिचे हसू आले, पण प्रशिक्षकांनी तिला मज्जाव केला नाही.

त्याच्या बाजूने सर्वांत सबळ पुरावा 14 मे 2025 चा आहे. न्यूयॉर्क निक्सविरुद्धच्या मालिकेत बोस्टन 1-3 ने मागे होते. आधीच्याच सामन्यात जेसन टेटम जबर जखमी झाला होता आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस याला श्वसनाचा त्रास होत होता. मध्यंतराला गुणसंख्या 59-59 अशी बरोबरीत होती. उत्तरार्धाच्या आरंभी पोर्झिंगिसऐवजी कॉर्नेट उतरला. सामना संपला तेव्हा त्याच्या नावावर पाचपैकी पाच यशस्वी फटके, 10 गुण, 9 रिबाउंड आणि 7 ब्लॉक होते. बोस्टनने 127-102 असा विजय मिळवला. मात्र दोनच दिवसांनी 119-81 अशा पराभवासह त्यांचा हंगाम संपला. एका रात्रीच्या कामगिरीवर चार वर्षांचा भाव ठरवणे किती धोक्याचे, हे यावरून दिसते.

खेळाडू मैदानावर असताना संघाच्या गुणांत किती फरक पडला, हे सांगणारा ‘प्लस-मायनस’ आकडा अशा वेळी पुढे केला जातो. राखीव खेळाडूच्या बाबतीत तो जपूनच वापरावा लागतो. तो खेळतो तेव्हा समोरही अनेकदा राखीवच असतात, आणि बोस्टनसारख्या संघात शेजारी उत्तम नेमबाज असल्याने सेंटरला मोकळी जागा आपोआप मिळते. त्यातील त्याचा वाटा किती आणि सोबत्यांचा किती, हे आकडा सांगत नाही.

बोस्टनने त्याला जाऊ दिले ते खेळातील उणिवेमुळे नव्हे. पगार आणि दंडात्मक कर मिळून संघाचा खर्च 50 कोटी डॉलरच्या घरात जाण्याचा अंदाज होता. त्यामुळे 2025 च्या उन्हाळ्यात पोर्झिंगिस अटलांटाला गेला, अल होरफोर्डही गोल्डन स्टेटकडे गेला. तीन सेंटर एकदम गेल्यावर बोस्टनने तोवर मागच्या फळीत असलेल्या नेमियास केटा या पोर्तुगीज खेळाडूलाच मुख्य सेंटर केले. राखीव सेंटर सहज बदलता येतो, असे मानणाऱ्यांना हे उदाहरण सोयीचे आहे. पण केटा हाही त्याच बाकावर वाट पाहत तयार झालेला खेळाडू होता, हे त्यांच्या हिशेबातून सुटते.

सॅन अँटोनियोची गरज वेगळी होती. त्यांचा व्हिक्टर वेम्बान्यामा खांद्यातील रक्ताच्या गुठळीमुळे 2024-25 मध्ये 82 पैकी केवळ 46 सामने खेळू शकला. त्या संघाने वर्षाला सरासरी एक कोटी डॉलर मोजले, ते प्रामुख्याने उरलेल्या 36 सामन्यांचा अनुभव पाहून.