पाच वर्षं झाली म्हणजे कॅन्सर गेला? लाळग्रंथींच्या या दुर्मीळ कॅन्सरमध्ये हे गणित का चालत नाही

'पाच वर्षं काढली की कॅन्सर हरला' असं सांगणाऱ्या पोस्ट तुम्ही पाहिल्या असतील. अनेक कॅन्सरच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, कारण आजार उलटायचाच असेल तर तो बहुतेकदा पहिल्या काही वर्षांत उलटतो. पण अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा, म्हणजेच एसीसी, हा लाळग्रंथींचा कॅन्सर याला अपवाद आहे. तो दहा-पंधरा वर्षांनीही परत येऊ शकतो.

हा आजार नेमका काय आहे?

गालगुंड झाल्यावर कानाजवळची जी ग्रंथी सुजते, ती आपली सगळ्यात मोठी लाळग्रंथी. याशिवाय जबड्याखाली आणि जिभेखाली ग्रंथी असतात. टाळू, ओठ आणि गालाच्या आतल्या बाजूला शेकडो बारीक ग्रंथी असतात. यांपैकी कुठेही एसीसी होऊ शकतो.

लाळग्रंथींचे कॅन्सर मुळातच कमी आढळतात आणि त्यातलाही लहानसा हिस्सा एसीसीचा असतो. तोंडाच्या नेहमीच्या कॅन्सरचा तंबाखूशी थेट संबंध आहे. एसीसीच्या बाबतीत तसा ठोस संबंध सिद्ध झालेला नाही, त्यामुळे कधीही तंबाखू न खाल्लेल्या माणसालाही तो होतो. अनेक रुग्णांच्या गाठीत एमवायबी आणि एनएफआयबी ही दोन जनुकं एकमेकांना जोडली गेलेली दिसतात. हा बदल 2009 मध्ये समोर आला.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेतल्या 1973 ते 2007 या काळातल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पाच वर्षांनी सुमारे 90 टक्के, दहा वर्षांनी 80 टक्के आणि पंधरा वर्षांनी 69 टक्के रुग्ण हयात असल्याचं त्यात दिसलं. अनेक रुग्णालयांच्या स्वतःच्या नोंदींमधले आकडे यापेक्षा कमी आहेत.

पण प्रत्येक ठिकाणी आलेख उतरतच राहतो, पाच वर्षांनी तो सपाट होत नाही. म्हणून एखाद्या बातमीत फक्त पाच वर्षांचा आकडा असेल, तर चित्र अर्धंच आहे असं समजा.

असं का होतं?

हा कॅन्सर हळू वाढतो, पण मज्जातंतूंच्या कडेने लांबवर सरकतो. सर्जनने गाठ पूर्ण काढली तरी काही पेशी मागे राहू शकतात. रक्तावाटे तो बहुधा फुफ्फुसात पोहोचतो. तिथे गाठी दिसल्या म्हणजे शेवट जवळ आला असं नाही, कारण अशा गाठी घेऊन अनेक रुग्ण वर्षानुवर्षं जगतात. पेशींची रचना 'सॉलिड' प्रकारची असेल, तर मात्र आजार वेगाने वाढतो.

उपचार कोणते?

शस्त्रक्रिया आणि बहुतेकदा त्यानंतर रेडिएशन, हाच मुख्य मार्ग. पसरलेल्या आजारावर केमोथेरपीचा परिणाम मर्यादित असतो.

गोळ्यांच्या बाबतीत दोन अभ्यास महत्त्वाचे आहेत. 2019 मध्ये लेन्व्हाटिनिबच्या अभ्यासात 32 पैकी 5 रुग्णांच्या गाठी ठळकपणे आकसल्या आणि 24 जणांचा आजार स्थिर राहिला. 2021 मध्ये दक्षिण कोरियातल्या 60 रुग्णांच्या चाचणीत अ‍ॅक्सिटिनिब घेणाऱ्यांचा आजार मध्यमानाने 10.8 महिने वाढला नाही. फक्त निरीक्षणाखाली ठेवलेल्यांमध्ये हा काळ 2.8 महिने होता.

हे यश खरं आहे, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. ही औषधं आजाराला रोखून धरतात, तो बरा करत नाहीत. रक्तदाब वाढणं, थकवा असे त्रासही सोबत येतात. त्यामुळे गाठी स्थिर असतील, तर डॉक्टर काही काळ औषध न देता फक्त स्कॅनवर लक्ष ठेवतात. हा हलगर्जीपणा नव्हे, हाही उपचाराचाच भाग आहे.

भारतातल्या रुग्णांपुढचा प्रश्न

2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात निवडक आजारांसाठी 50 लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. ती यादी प्रामुख्याने आनुवंशिक आजारांची आहे, एसीसी त्यात नाही. सरकारी आरोग्य योजनांमधून कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि रेडिएशन होऊ शकतं. पण एसीसीच्या रुग्णाचा खर्च तिथे संपत नाही. पुढची पंधरा-वीस वर्षं एमआरआय, छातीचा सीटी स्कॅन आणि शहरापर्यंतच्या फेऱ्या सुरूच राहतात. तब्येत ठणठणीत वाटत असताना याच फेऱ्या सगळ्यात आधी बंद होतात, आणि आजार परतला तरी ते उशिरा कळतं.

लक्षात काय ठेवायचं?

कानापुढे, जबड्याखाली किंवा टाळूवर न दुखणारी गाठ काही आठवडे टिकली, तर डॉक्टरांना दाखवा. चेहऱ्याचा भाग बधिर होत असेल किंवा एक बाजू लुळी पडत असेल, तर अजिबात थांबू नका. आणि एसीसीचा उपचार घेतलेलं कुणी ओळखीत असेल, तर पाचव्या वर्षी अभिनंदन जरूर करा, पण पुढच्या तपासणीची तारीखही विचारा.