लोकलच्या दारातील प्रवाशांवर होणारे ‘फटका’ हल्ले रोखण्याबाबत

प्रति,
मा. पोलीस आयुक्त,
लोहमार्ग पोलीस, मुंबई

विषय : धावत्या लोकलमधील प्रवाशांना फटका मारून मोबाइल लुटण्याच्या प्रकारांवर कठोर कारवाई व जखमींना तातडीची मदत मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही कल्याणपलीकडून नोकरी-धंद्यासाठी रोज ठाणे-मुंबई गाठणारे प्रवासी आहोत. गाडी मंदावली की रुळालगतच्या खांबाआड दबा धरून बसलेला इसम दारातल्या प्रवाशाच्या हातावर काठी मारतो आणि खाली पडलेला मोबाइल घेऊन पसार होतो. कळवा-मुंब्रा, कुर्ला-शीव, मशीद-सँडहर्स्ट रोड ही नावे आता प्रवाशांना पाठ झाली आहेत. या फटक्याने तोल जाऊन माणसे रुळांवर पडली आहेत, कायमची जायबंदी झाली आहेत. एका मोबाइलपायी माणसाचा जीव धोक्यात घालणारा हा हल्ला आहे, आणि त्याची नोंदही तशीच व्हावी.

मार लागला असेल तेथे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०९ खाली जबरी चोरीचा गुन्हा दाखल करावा. ‘मोबाइल गहाळ’ असा दाखला देऊन कुणाचीही बोळवण होऊ नये. हा आग्रह केवळ शिक्षेसाठी नाही. रेल्वे अधिनियम, १९८९ नुसार गाडीतील हिंसक हल्ला आणि जबरी चोरी या ‘अनुचित घटना’ ठरतात व त्यांची भरपाई रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे मागता येते. मृत्यू झाल्यास ती ८ लाख रुपये आहे. पंचनाम्यात ‘दारात निष्काळजीपणे उभा होता’ एवढेच लिहिले गेले, तर त्या कुटुंबाला हा हक्क मिळवताना वर्षानुवर्षे झगडावे लागते. हल्ल्याचा उल्लेख पंचनाम्यात स्पष्ट असावा.

दारात उभे राहू नका, ही उद्घोषणा आम्ही रोज ऐकतो. पण सकाळी डोंबिवलीला वा दिव्याला चढणाऱ्याला दाराखेरीज जागा कुठे आहे? ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारातले प्रवासी पडून मृत्युमुखी पडले, तेव्हा हे साऱ्या राज्याने पाहिले.

आणखी एक अडचण आहे. मदतीसाठी १३९ वर फोन करा, असे सांगितले जाते. ज्याचा फोनच गेला, त्याने तो कशावरून करावा? पुढच्या स्थानकात उतरताच त्याला फलाटावर गणवेशातील माणूस भेटला पाहिजे. गुन्हा कोणत्या ठाण्याच्या हद्दीत घडला याचा वाद न घालता तेथेच झिरो एफआयआर नोंदवून घ्यावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे. एफआयआरची प्रतही त्याच वेळी विनामूल्य द्यावी. हँडसेट बंद करण्यासाठी सीईआयआर पोर्टलवर पोलीस तक्रारीची प्रत जोडावी लागते. हल्ली बँक खातेही मोबाइललाच जोडलेले असते, त्यामुळे इथे तास-दोन तासांचा उशीरही महागात पडतो.

वरील पट्ट्यांत, विशेषतः अंधार पडल्यावर, रेल्वे सुरक्षा दलासह रुळालगत पायी गस्त सुरू करावी. तेथील दिवे, झुडपे आणि कुंपणातील भगदाडांची संयुक्त पाहणी करावी. पाहणीच्या वेळी आम्हीही सोबत येऊन नेमक्या जागा दाखवू. चोरीचे मोबाइल विकत घेणाऱ्यांपर्यंत तपास पोहोचावा, अन्यथा एक पकडला की दुसरा उभा राहतो.

या मागण्यांवर चर्चेसाठी आपण वेळ द्यावा व केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती आम्हास कळवावी, ही विनंती.

आपले,
मध्य रेल्वेचे उपनगरी प्रवासी

प्रत : मा. विभागीय रेल्वे व्यवस्थापक, मध्य रेल्वे, मुंबई विभाग